पावसाळा संपला, जॅकेट उघडलं आणि आतून कोंडा पडला

खारावारा

मंडळी, मी मुंबई बंदरात सुट्टीच्या दिवशी शिडाची होडी चालवतो. चालवतो म्हणजे दुसऱ्याच्या होडीवर दोऱ्या ओढतो. मे संपता संपता होड्या पाण्याबाहेर निघतात, चार महिने सामान घरी, आणि ऑक्टोबरात पुन्हा गेटवेसमोर हजर. तर परवा दसऱ्याच्या आवराआवरीत माळ्यावरची बॅग खाली काढली. जॅकेट झटकलं तर आतून पांढरा कोंडा पडला. काळ्या टी-शर्टावर घालून बघितलं. बायको म्हणाली, "कुणाच्या लग्नाहून आलास? अक्षता झटक आधी."

जॅकेट नऊ वर्षांचं आहे, पण अंगावर फार तर वीस-पंचवीस वेळा चढलं असेल. आतल्या बाजूचा पातळ थर पापुद्र्यांनी सुटतोय आणि हाताला चिकट लागतोय. काही ठिकाणी शिवणीवरच्या पट्ट्या उचलल्या आहेत. सोबतची छातीपर्यंतची ट्राउझर दुसऱ्या कंपनीची आहे. ती आतून ठणठणीत, पण गेल्या मोसमात तासाभरात बूड ओलं व्हायचं.

खरं सांगायचं तर दोन्ही कधीच धुतली नाहीत. वॉटरप्रूफ कपडे धुतले की त्यांचं पाणी अडवणं जातं, असं मला होडीवरच एकाने सांगितलं होतं. म्हणून दर वेळी नुसतं वाळवून, घडी घालून, बॅगेत. आता काय वाचेल आणि काय टाकून द्यावं लागेल, सांगा.

पावशेर

मी पयला!

समुद्रावर जायचं आणि भिजायचं नाही म्हणून वीस हजारांचे कपडे घ्यायचे. त्यापेक्षा घरी बसून कांदाभजी. (हलकेच घ्या.)

सोलेंटकर

खारावारा, तुमच्या त्या होडीवरच्या मित्राला माझा नमस्कार सांगा. त्याने बरोबर उलटं सांगितलंय.

मी गेली बारा वर्षं साउदॅम्प्टनला आहे आणि इथे पाणी इतकं गार असतं की चांगलं जॅकेट ही चैन उरत नाही. इथल्या जुन्या लोकांकडून शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे किनाऱ्यावर आलं की जेटीवरच्या नळीने अंगावरच्या अंगावर गोड्या पाण्याचा मारा. कॉलर, बाही, खिसे, चेन, सगळं. मग घरी. मीठ वाळलं की त्याचे खडे होतात, ते कापडाला आतून घासत राहतात आणि चेनच्या दातांत बसतात. शिवाय मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ना, तसंच. मीठ बसलेलं जॅकेट म्हणून कधी पुरतं वाळतच नाही. तुम्ही वाळवून ठेवलंत असं तुम्हाला वाटलं, पण जूनमध्ये बॅगेत ते परत ओलं झालं असणार.

आता ट्राउझर. बूड ओलं होतं म्हणजे ती गळतेच असं नाही. या कपड्यांत पाणी अडवणाऱ्या दोन गोष्टी असतात. एक म्हणजे आतला पडदा किंवा लेप, खरा बांध तोच. दुसरी म्हणजे बाहेरच्या कापडाला दिलेलं जलविकर्षक फिनिश, ज्यामुळे अळवाच्या पानावर असावेत तसे थेंब गोळा होऊन घरंगळतात. हे फिनिश मळाने, मिठाने, सनस्क्रीनच्या तेलाने झाकलं गेलं की बाहेरचं कापड पाणी पितं. आत पडदा शाबूत असतो, पण बाहेर ओली गोधडी गुंडाळल्यासारखं होतं. अंगाचा घाम बाहेर पडत नाही, तो आतच थंड होऊन साचतो, आणि माणूस म्हणतो, जॅकेट गळतंय.

करून बघा: ट्राउझरवर चमचाभर पाणी टाका. थेंब उभे राहिले तर ठीक. पसरून डाग पडला तर आधी धुवा, लगेच नवीन घेऊ नका.

धुण्याची माझी पद्धत: खिसे रिकामे, सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद (उघडं वेल्क्रो बाकीच्या कापडाचे धागे ओढतं), मशीनमधला साबणाचा खण आधी कोमट पाण्याने साफ. जुन्या पावडरीचा आणि सॉफ्टनरचा लगदा त्यात नेहमी असतो. मी अशा कपड्यांसाठीचा खास द्रव, निकवॅक्सचं टेक वॉश, वापरतो, ग्रेंजर्सचंही चालतं. लेबलवर असेल त्या तापमानाला धुवायचं, मग खळखळून दोनदा पाण्यातून काढायचं.

आणि लोक विसरतात ती पायरी म्हणजे ऊब. फिनिश मळाखाली दबलेलं आणि विस्कटलेलं असतं. कपडा वाळल्यावर लेबल परवानगी देत असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं. ड्रायर नसेल तर इस्त्री अगदी कमी उष्णतेवर, वाफ बंद, मध्ये पंचा. बऱ्याचदा तेवढ्यानेच थेंब पुन्हा उभे राहतात. नाही राहिले तरच वरून फवारायचं जलविकर्षक आणा.

रसायनी

सोलेंटकरांशी ९० टक्के सहमत. उरलेल्या १० टक्क्यांवर नंतर भांडतो. आधी जॅकेटबद्दल वाईट बातमी.

तुमच्या कपाटात न वापरता ठेवलेल्या चांगल्या बुटांचा तळवा घातल्या घातल्या भुगा होऊन पडलाय का कधी? रेक्झिनची पर्स तीन पावसाळ्यांत सोलली गेलीय का? हाच आजार तुमच्या जॅकेटला झालाय. त्याच्या आतला लेप पॉलियुरेथेन नावाच्या लवचिक प्लास्टिकचा असणार. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमध्ये जे एस्टर बंध असतात ते पाण्याने हळूहळू तुटतात, त्याला जलविघटन म्हणतात. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढच्या बंधांना तोडायला मदत करतं. म्हणजे एकदा सुरू झालं की वेग वाढत जातो. उष्णतेने आणखी. आधी चिकटपणा, मग वास, मग पापुद्रे.

यासाठी समुद्रावर जावं लागत नाही. पाण्याचा थेंबही लागत नाही, हवेतली वाफ पुरते. जुलै-ऑगस्टात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, माळ्यावर छताची उष्णता, त्यात घडी घालून बंद बॅग. तुमचं जॅकेट पंचवीस दिवस समुद्रावर आणि नऊ पावसाळे माळ्यावर होतं. त्याला माळ्याने मारलंय.

दुरुस्ती नाही. सुटलेला लेप परत बसवता येत नाही, वरून कितीही फवारे मारा. नुसती शिवणीची पट्टी सुटली असती तर रेनकोट शिवणाऱ्या एखाद्या कारखान्यात गरम हवेच्या यंत्रावर नवीन पट्टी लावून घेता आली असती. पण खालचा लेपच सुटत असेल तर पट्टी चिकटणार कशाला?

ट्राउझर आतून शाबूत आहे, कारण ती बहुधा तीन थरांची आहे आणि पडदा वेगळ्या जातीचा असावा. गोर-टेक्स या प्रसिद्ध जलरोधक कापडाचा मूळ पडदा ताणलेल्या पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा. बॉब गोर यांनी १९६९ साली पीटीएफईची गरम कांडी झटकन ओढून बघितली आणि ती तुटायच्या ऐवजी सूक्ष्म छिद्रांसकट लांबली, त्यातून आला. पीटीएफई स्वतः जलविघटनाने सडत नाही. पण त्याला कापडाशी जोडणारा चिकटद्रव, तेलापासून वाचवणारा पातळ थर, शिवणीच्या पट्ट्या, या गोष्टी अमर नाहीत. म्हणून "माझं गोर-टेक्स आहे, मला काय" असं कुणी समजू नये.

आता १० टक्के. खास द्रव घ्यायलाच हवा असं नाही. गोर कंपनीची स्वतःची सूचना थोडासा साधा द्रव डिटर्जंट वापरा आणि दोनदा खंगाळा अशीच आहे. टाळायचं ते पावडर, सॉफ्टनर, ब्लीच आणि डाग काढायची औषधं. सॉफ्टनर सर्वांत वाईट. तो कापडावर राहण्यासाठीच बनवलेला असतो.

सोलेंटकर

मान्य, लेबल तेच म्हणतं. पण साधा द्रवसुद्धा नीट निघाला नाही तर त्याचा अंश पाणी ओढतो, आणि आपल्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर तो निघतच नाही. एका बाटलीवर भांडायचं नाही मला. ज्याने चारदा खंगाळलं त्याने साधं वापरावं.

हिरवी_मिरची

लेक पुण्यात ऑप्टिमिस्ट ही मुलांची छोटी शिडाची होडी चालवायला शिकते (खडकवासल्याचं पाणी, त्यामुळे मिठाचा त्रास नाही, चिखलाचा आहे). एक इशारा द्यायला लॉगिन केलं.

आमचं मशीन वरून उघडणारं. तिचं स्प्रे-जॅकेट (पाण्याचे तुषार अडवणारं पातळ जॅकेट) इतर कपड्यांबरोबर टाकलं. पिळायच्या वेळी मशीन अक्षरशः बाथरूमभर चालायला लागलं. वॉटरप्रूफ कापडात पाणी फुग्यासारखं अडकतं, ड्रम फिरला तरी बाहेर पडत नाही, आणि एका बाजूला दोन-तीन किलोचा गोळा होतो. नंतर माहितीपुस्तिका काढली तर त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं, जलरोधक कपडे पिळायला लावू नका. कोण वाचतं?

आता बादलीत, हाताने, उलटं करून. पिळत नाही. दांडीवर निथळत ठेवते, आधी आतली बाजू बाहेर, ती वाळली की उलटून. उन्हात नाही.

अवांतर: रिठ्याच्या पाण्यात धुतलं तर चालेल का? सासूबाई रेशमी साड्या त्यातच धुतात.

रसायनी

हिरवी_मिरची, रिठाही शेवटी फेसच. साडीवर थोडा राहिला तर बिघडत नाही, इथे राहिला तर तोच पाणी कापडात मुरवणार. सासूबाईंना सांगू नका मी सांगितलं म्हणून.

मिरकरवाड्याचा

आमच्याकडे हे सगळं ऐकून हसतील. रत्नागिरीला ट्रॉलरवर जाड पीव्हीसीचा रेनकोट, तसलाच एप्रन आणि गमबूट. धुवायचं म्हणजे डेकच्या नळीखाली उभं राहायचं, मग घरी साबणाचं पाणी आणि ब्रश. माशाचं तेल आणि डिझेल राहू द्यायचं नाही, त्याने पीव्हीसी आधी फुगतं आणि मग कडक होऊन घडीवर तडकतं. घडी तर घालायचीच नाही. उन्हात घडी करून ठेवलेला कोट उघडताना एकाला एक चिकटून फाटतो, ते बघितलंय. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत खुंटीवर पसरून टांगतो, नारळी पौर्णिमेपर्यंत.

घाम भरपूर येतो. पण कोट फाटला तर सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने ठिगळ लावलेले लोक मी पाहिलेत.

रसायनी

ते ठिगळ टिकतं का? पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी असतं. पीव्हीसीला पीव्हीसीचाच सिमेंट हवा.

मिरकरवाड्याचा

टिकत नाही. पण तोपर्यंत मोसम संपतो.

जुना_खलाशी

सोलेंटकर आणि रसायनी यांनी मूळ मुद्दा मांडलाच आहे. थोडं मागचं सांगतो, मग माझ्या दोन गोष्टी.

पूर्वी खलाशाचं मेणकापड म्हणजे लिननच्या किंवा सुती कापडाला जवसाचं तेल पाजून वाळवलेलं. नॉर्वेत हेली जूल हान्सन या कप्तानाने १८७७ मध्ये असेच कपडे बनवायला सुरुवात केली, आजची हेली हान्सन ही मोठी कंपनी त्यातूनच आली. त्या कपड्यांची निगा म्हणजे दर मोसमाला पुन्हा तेल पाजणं. कोकणातल्या शेतकऱ्याचं इरलं आठवा, तेही दर वर्षी नव्याने बांधायचं. कपडा एकदा घेतला की कायमचा, ही अपेक्षाच नवीन आहे. फवारा मारून फिनिश परत देणं म्हणजे तेच जवसाचं तेल.

एक. ज्यांच्याकडे ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा अंगभर पोशाख) आहे त्यांनी मानेचे आणि मनगटाचे लॅटेक्सचे घट्ट पट्टे जपावेत. तेल, सनस्क्रीन आणि ऊन हे तिन्ही लॅटेक्सचे वैरी. धुऊन, सावलीत वाळवून, टाल्कम लावून ठेवायचे. पितळी चेन असेल तर दातांवर बाहेरून मेणाची कांडी फिरवायची, साधी मेणबत्तीही चालते. पण प्लास्टिकच्या दातांची हवाबंद चेन असेल तर मेण नको. तिला कंपनीने दिलेलं वंगण, तेही फक्त चेन जिथे येऊन घट्ट बसते त्या टोकाला. आणि ठेवताना चेनला मोड पडता कामा नये.

दोन. कपड्यांबरोबर आपोआप फुगणारं लाइफजॅकेटही त्याच कपाटात ठेवत असाल तर सावध. काहींच्या यंत्रात पाण्यात विरघळणारी गोळी असते, ती विरघळली की नळकांड्यातला गॅस सुटून जॅकेट फुगतं. चार महिने दमट हवेत ती मऊ पडली की...

पावशेर

की काय?

जुना_खलाशी

की रात्री अडीच वाजता कपाटातून फट्ट असा आवाज येतो आणि सौ. पोलिसांना फोन करायला निघते. स्वानुभव आहे. आता पावसाळ्याआधी गोळी काढून डबीत ठेवतो. मोसम सुरू होताना नवी गोळी, आणि गॅसचं नळकांडं वजन करून बघायचं. त्यावर कोरलेल्या वजनापेक्षा कमी भरलं तर बदलायचं. परत लावलं की नाही हे दोनदा तपासायचं, नाहीतर गोळीविना लाइफजॅकेट घालून समुद्रावर जाल.

पावशेर

हा धागा मी थट्टा करायला उघडला होता. आता बुटांचा डबा तपासतोय. तळवा चिकट लागतोय राव.

शीडभर

वाचतेय. एक शंका: मुंबईत एवढं भारी, श्वास घेणारं जॅकेट लागतंच कशाला? फेब्रुवारी ते मे दुपारी वायव्येचा वारा चढतो, भरती-ओहोटी वाऱ्याविरुद्ध असली की छोट्या लाटा उभ्या राहतात आणि तोंडावर बादल्या येतात, कबूल. पण ते पाणी काही गार नसतं.

रसायनी

शीडभर, बरोबर पकडलंत. हे पडदे वाफ स्वतःहून ढकलत नाहीत. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती बाहेर जाते. नॉर्वेत आत ऊबदार, बाहेर गार, काम झालं. आपल्याकडे बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. वाफेने जायचं कुठे? दिवसा मुंबईत पातळ स्प्रे-टॉप पुरतो, आणि तो तीन-चार मोसमांनी बदलला तरी मन खात नाही. रात्रीच्या शर्यतीला किंवा मुंबईहून गोव्यापर्यंतच्या सफरीला, पहाटे वारा अंगावर घेत चार तास बसायचं असेल तर चांगलं जॅकेट लागतं. ओलं अंग आणि वारा मिळून ऊब झपाट्याने काढून घेतात, हवा २४ अंशांची असली तरी.

जुना_खलाशी

आणि दक्षिण महासागरात जायचं असेल तर बोलायलाच नको. नौदलाचे दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० च्या मे महिन्यात मुंबईला परतले. नौदलाच्याच 'तारिणी' या नौकेवरच्या सहाजणी २०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून निघून पुढच्या मे महिन्यात परत आल्या. तसल्या प्रवासात गोडं पाणी मोजून असतं. कपडे धुवायला नळी नसते, पाऊस पडला की त्यातच मीठ निघालं तर निघालं.

खारावारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. अहवाल देतो.

ट्राउझरवर चमचाभर पाणी टाकलं. गुडघ्यावर आणि बुडाला ताबडतोब डाग, छातीवर थेंब उभे. म्हणजे सोलेंटकर म्हणाले तसंच. बादलीत कोमट पाणी, थोडा द्रव डिटर्जंट, पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा निघाला. पाच वेळा खंगाळलं. सहाव्या वेळी बायकोने बाथरूमचं दार वाजवलं. दोन दिवस दांडीवर, मग पंचा ठेवून इस्त्री. छाती, पाय उत्तम. बुडाला थेंब उभे राहतात पण थोड्या वेळाने बसतात, तिथे फवारा मागवलाय.

मग खरी गळती बघायला पाय बांधून आत पाणी भरलं, खाली वर्तमानपत्र. डाव्या गुडघ्याला एकच ठिपका उमटला. तिथे बहुतेक क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंट्याला) घासून भोक पडलंय. आतून पॉलियुरेथेनचा चिकटद्रव लावून रात्रभर ठेवलंय.

जॅकेट गेलं. चेन आणि फास्टनर काढून ठेवले, पाठीचा तुकडा कापून बायकोने स्कूटरच्या सीटला कव्हर शिवलंय. कोंडा पडायचा तो आता सीटवर पडेल.

प्रश्न एकच उरला. माळा बंद, हे कळलं. मग ट्राउझर पुढच्या पावसाळ्यात ठेवू कुठे? घर वन बीएचके आहे.

हिरवी_मिरची

रोजच्या कपड्यांच्या कपाटात, जाड हँगरवर, घडी न घालता. जे कपाट रोज उघडतं त्यात हवा खेळते. खाली सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याने ऊन दाखवायचं ते पुड्यांना, ट्राउझरला नाही. डांबर गोळ्या नकोत, त्या कसरीसाठी असतात, ओलीसाठी नाही. वास मात्र जन्मभर राहतो.

मिरकरवाड्याचा

आणि दारामागे खुंटी असतेच की प्रत्येक घरात.

खारावारा (धागाकर्ता)

दारामागच्या खुंटीवर सध्या तीन पिशव्या, एक छत्री आणि सासऱ्यांची टोपी आहे. वाटाघाटी सुरू आहेत. रविवारी पंधरा नॉटचा वारा सांगितलाय, गुडघा टिकला तर कळवतो.